भरतीच्या वहीतले आठ आकडे

आमचं जहाज मोडीत निघालं तेव्हा त्याचा इतिहास छापला गेला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पांढऱ्या रंगातलं जहाज, त्याच्या पिवळ्या धुरांड्यासकट. कुरियरवाला दिग्रसच्या घरी ते पाकीट टाकून गेला आणि मी तिथंच ओट्यावर बसून ते पुस्तक उघडलं. अर्ध्या तासात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पूर्ण उतरलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी जहाज कसलं ते सांगतो, कारण आमच्या जिल्ह्यात ते दर वेळी सांगावंच लागतं. यवतमाळचा माणूस नेव्हीत होता म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या धरणावर? मग विचारतात, किती लढाया मारल्या? एकही नाही, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. आमचं जहाज समुद्राची खोली मोजायचं. तोफा नावापुरत्या. खाली खडक कुठे आहे, गाळ कुठे साचलाय, कोणत्या वाटेनं जहाज बंदरात सुखरूप शिरेल, हे आम्ही मोजायचो आणि त्याचे नकाशे व्हायचे. लढाऊ जहाजंसुद्धा ते नकाशे बघूनच चालतात. हे ऐकून माझ्या एका आतेभावानं विचारलं होतं, "म्हंजे तुम्ही पानी मोजत व्हते?" हो, बाबा. वीस वर्षं पाणी मोजलं.

पुस्तकात जहाजाची सेवा वर्षावार दिली आहे. कुठं बांधलं, कधी ध्वज चढला, कोणते किनारे मोजले, कोणत्या शेजारी देशानं आपलं बंदर मोजायला बोलावलं, वादळानंतर एकदा जहाजाचाच दवाखाना कसा केला, सगळं आहे. ते खोटं नाही. त्या दवाखान्यात मी स्वतः सलाइनच्या बाटल्या धरून उभा राहिलो आहे. पण शेवटच्या पानावर एक वाक्य आहे: या जहाजाच्या मोजणीची अचूकता पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत अबाधित राहिली. हे वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मी पुस्तक काढणाऱ्यांना चार पानं भरून लिहून कळवलं होतं.

मोजणी कशी चालते ते थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय माझं पाप समजणार नाही. मोठं जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि त्याच्या छोट्या बोटी किनाऱ्याजवळ खेपा मारतात. आमच्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, कोळपणीचा डवरा चालतो तशा, एका सरळ रेषेत जायचं, वळायचं, शेजारच्या रेषेनं परत यायचं. मग उभं झालं की आडवं. बोटीतलं यंत्र खाली आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. पण समुद्राचं पाणी एका जागी थांबत नाही. भरतीला खोली वेगळी, ओहोटीला वेगळी. म्हणून किनाऱ्यावर एक आकडे रंगवलेली काठी रोवतात आणि तिच्यापाशी माणूस बसवतात. त्यानं दर दहा मिनिटांनी पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते वहीत लिहायचं. बोटींच्या साऱ्या मोजणीतून तो आकडा वजा होतो. काठीवरचा माणूस चुकला तर बोटीवरच्या सगळ्यांची मेहनत वाया.

त्या वहीचा एक नियम होता. खोडरबर जहाजावर चालायचंच नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि आपली सही. आणि जो आकडा पाहिला नाही, त्याची जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेबद्दल शिव्या बसत, शिक्षा सहसा होत नसे.

एका निर्जन टापूवर मला आणि माझ्या जोडीदाराला अशा काठीवर बसवलं होतं. महिनाभर. तोही आमच्याच जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडच्या जंगलातल्या एका कोलामपोडातला, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतला. समुद्राच्या काठावर यवतमाळचे दोघं, यावर अख्खं जहाज हसायचं. मी मूळचा बोरी अरबचा. आमच्या घरी आजोबांनी धम्म स्वीकारला त्या वेळेपासून पोरांनी शिकायचं हे ठरलेलं होतं, त्यामुळे मी कागदात तरबेज होतो. तो पाण्यात आणि माणसांत तरबेज होता. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात त्याला लोक घरच्यासारखं वागवत. गोडं पाणी आम्हाला तिथून आणावं लागे, आणि ते आणायला तोच जायचा, कारण मी गेलो तर विहिरीवर दहा प्रश्न आणि तो गेला तर वर दोन मासे.

आम्हा दोघांत मी वरचा. वही माझ्या ताब्यात. मी एक आळशी सवय लावून घेतली होती: सकाळीच दिवसभराच्या पाळ्या आखून प्रत्येक पाळीच्या माथ्यावर ज्याची त्याची सही घेऊन टाकायची. म्हणजे दर चार तासांनी सहीची कटकट नको. त्या दिवशी बारा ते चारची पाळी त्याची होती, सही त्याची झाली होती. साडेबाराला पाण्याचा कॅन रिकामा झाला. मी म्हणालो, तू जाऊन ये, मी बसतो. तो दोन कॅन घेऊन डोंगीत बसला आणि गेला.

एकचा आकडा मी लिहिला. त्यानंतर मी केवड्याच्या सावलीत पाठ टेकली आणि झोपलो. आदल्या रात्रीची पाळी लांबली होती, हे कारण खरं आहे आणि त्याला काडीची किंमत नाही. जाग आली तेव्हा घड्याळात दोन पंचवीस झाले होते आणि समोरून मोजणीवरच्या साहेबांची बोट वही बघायला येत होती. आठ आकडे नव्हते.

इथं शिकलेल्या माणसाची अक्कल कामाला आली. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते हे आम्हाला पाठ होतं. मी कालच्या पानावरचे आकडे पाऊण तास सरकवले आणि आठही जागा भरल्या. दोन मिनिटांचं काम. आकडे सगळ्यांचे सारखेच दिसत, तसेच काढायला शिकवलं जायचं. मग अडीचला मी काठीकडे पाहिलं. त्या दुपारी समुद्रावरून वारा सुटला होता आणि त्यानं पाणी खाडीत रेटलं होतं. खरा आकडा माझ्या शेवटच्या खोट्या आकड्याच्या वर जवळजवळ फूटभर होता.

रेघा मारल्या असत्या तर आठ रेघा ओरडून बोलल्या असत्या. मी अडीचचा खरा आकडा लिहिला आणि गप्प बसलो. पाण्याचे कॅन घेऊन माझा जोडीदार परतला तेव्हा मी काठीपाशी ताठ बसलो होतो. पाण्याचे कॅन घेऊन माझा जोडीदार परतला तेव्हा मी काठीपाशी ताठ बसलो होतो.

नकाशाच्या खोलीत दुसऱ्या दिवशी त्या पानाची वक्ररेषा काढली आणि ती एका जागी पायरीसारखी तुटली. पाणी दहा मिनिटांत फूटभर चढत नाही. तिसऱ्या सकाळी साहेब वही घेऊन टापूवर उतरले. पाळीच्या माथ्यावरची सही पाहिली आणि त्याच्यासमोर उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "जंगल से आए हो, घड़ी देखना किसी ने सिखाया नहीं?" असं ते म्हणाले.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. मी तिथं नव्हतो, असं तो म्हणाला असता तर पाळी सोडून गेल्याचा गुन्हा त्याच्यावर बसला असता, कारण त्याला मी पाठवलं हे फक्त मीच सांगू शकत होतो. मी वरचा होतो. पुढच्या कोर्ससाठी माझं नाव यादीत होतं. मी वाळूकडे पाहत राहिलो.

आणि हे लिहिताना आजही माझे कान तापतात ते वेगळ्याच गोष्टीनं. जंगलातून आलेला माणूस अंदाजे लिहिणार, हे त्या साहेबाला लगेच पटलं. ते पटणं काय असतं हे मला समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती. आमच्या गावात माझ्या बापानं तेच ऐकलं होतं, वेगळ्या शब्दांत. मी ते ओळखलं आणि त्याचा आडोसा घेतला.

त्या वहीवरचा भरवसाच उडाला आणि आठवडाभराची मोजणी पुन्हा करावी लागली. त्याला मोजणीच्या कामातून काढलं आणि डेक धुणं, दोर ओढणं यावर टाकलं. कागदावर शेरा बसला. जहाजावर पोरं त्याला 'अंदाजा' म्हणायला लागली. ए अंदाजा, किती वाजले? ए अंदाजा, डाळीत मीठ किती? मीही एकदा हसलो त्यात. माझा कोर्स झाला, पट्ट्या वाढल्या. पंधरा वर्षं भरताच तो नोकरी सोडून घरी आला.

अजून एक आहे, आणि ते मी त्या चार पानांतसुद्धा लिहिलं नव्हतं. सुट्टीवर असताना बोरी अरबला एका लग्नात पंगतीत बसून मी हा किस्सा सांगितला. मजेदार करून सांगितला. त्यात झोपणारा तोच होता. पांढरकवड्याचे पाहुणे पंगतीत होते. गोष्ट माझ्याआधी त्याच्या गावाला पोचली, आणि तिथं पोचेपर्यंत जहाज बुडता बुडता वाचलं होतं.

म्हणून इतिहासाचं पुस्तक निघतंय, तुमची आठवण पाठवा, असा फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. दुसरेच एक निवृत्त साहेब पुस्तकाच्या समितीवर होते. हलकंफुलकं लिहा, असं ते म्हणाले. मी चार पानं हिंदीत लिहिली आणि आठही आकडे माझ्या नावावर घेतले. कुणाची सही होती, कोण झोपलं होतं, कोण गप्प राहिलं, सगळं. इतकी वर्षं तोंडानं निघालं नाही ते हातानं निघालं. छापून आलं की जहाजावरचे सगळे वाचतील आणि त्याच्या कपाळावरचा शेरा पुसला जाईल, असा माझा हिशेब होता.

पुस्तकात माझं एक पान आहे. त्याला मथळा दिलाय, 'टापूवरचे मजेचे दिवस'. खेकडे भाजल्याचं आहे, डोंगी उलटल्याचं आहे, केवड्याचा वाससुद्धा आहे. वही नाही, काठी नाही, झोप नाही. जोडीदार आहे, तो मासे आणतो. आणि शेवटी त्यांनी स्वतःच्या पदरचं वाक्य जोडलंय की अशा भाबड्या साथीदारांमुळे ते दिवस सुंदर झाले. भाबडे. चुकलेल्या आकड्यावरही ज्या जहाजानं कधी खोडरबर फिरवलं नाही, त्या जहाजाच्या इतिहासात यांनी तीन पानं साफ खरवडून काढली आणि वर गुळगुळीत कागद लावला.

मी साहेबांना फोन केला. ते शांत होते. जहाजाचा शेवटचा शब्द आहे, गोड असावा, घरची बायकामुलं वाचणार, असं म्हणाले. तुमचीच अब्रू झाकली, असंही म्हणाले. मी म्हणालो, माझी झाकलीत, त्याची उघडीच ठेवलीत. तेव्हा ते म्हणाले, "अरे, उस बेचारे को तो अब याद भी नहीं होगा."

मी फोन ठेवला आणि भिंतीवर हात आपटला. बायको स्वयंपाकघरातून येऊन पाहून गेली. बेचारा. त्याला आठवत नसेल. ज्याच्या अंगावरून गेलं त्याला आठवत नाही आणि ज्यांनी कागद कापला त्यांना सगळं माहीत, ही कुठली रीत? दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, पुस्तक पिशवीत घातलं आणि यवतमाळची एसटी धरली. तिथून पांढरकवडा.

हायवेला लागून त्याचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे, मागे घर. मी येतोय हे मी कळवलं नव्हतं. त्यानं मला पाहिलं, हात पुसले आणि आत खुर्ची टाकली. केस पांढरे झालेत, खांदे अजून तसेच. पंधरा-वीस वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं आणि मुखपृष्ठावरच्या जहाजाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझं पान काढून वाचलं. खेकड्यांपाशी हसला.

"चांगलं लिवलं तू," तो म्हणाला.

मी म्हणालो की हे मी लिहिलेलं नाही, मी जे लिहिलं ते त्यांनी कापलं. काय कापलं, त्यानं विचारलं. मग मी समितीवर घसरलो. साहेब कसा, कागद कसा, अब्रू कशी, मी आवाज चढवून बोलत सुटलो. पाच-सात मिनिटं मी त्यांनाच शिव्या देत होतो. त्यानं मला थांबवलं नाही. मी दमलो तेव्हा त्यानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"तुले काय वाटलं, मले मालूम नव्हतं?" तो म्हणाला. "मी पानी घेऊन आलतो तेव्हा तू झोपलता. डोंगीतूनच दिसला मले. मी आवाज देनार व्हतो. म्हटलं रातभर जागला हाय, झोपू दे जरासा. वल्ही बाजूले ठेवून तिथंच थांबलो. साहेबाची बोट दिसली तं तू उठून बसला आन् लिव्हाले लागला."

मी विचारलं, मग तू साहेबासमोर बोलला काहून नाही?

"तुले उठवलं नाही हे माह्यी चूक व्हती. तेवढी मी घेतली. बाकीची तुह्यी व्हती. तू बोलशीन म्हनून मी थांबलो." थोडा वेळ तो रस्त्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी थांबलो. मंग नंतरही थांबलो. मंग तू लग्नात सांगितलं ते आयकू आलं, तवा थांबनं सोडलं."

त्याच्या आवाजात चीड होती, जुनी आणि थंड. ती समितीवर नव्हती.

मी माफी मागायला लागलो तर त्यानं हात वर केला. आत त्याची मुलगी होती. ती तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे, रविवारची घरी आलेली. त्यानं तिला बाहेर बोलावलं. "मले नोको सांगू," तो मला म्हणाला, "मले ठाव हाय. हिले सांग. ही शाळेत व्हती तवा पोट्टे हिले म्हनत, तुह्या बापानं जहाज बुडवलं. घरी येऊन मले इचारलं, मी काय सांगू? आपल्याच तोंडानं आपलं सांगितलं तं कोन खरं मानते?"

ती माझ्यासमोर खाटेवर बसली. मी सांगितलं. काठी काय असते तिथपासून सुरू केलं. लग्नातलंही सांगितलं, जे मी कुठंच लिहिलं नव्हतं. त्या वेळी माझ्या अंगात रागाचा टिपूसही नव्हता, आणि मग मला कळलं की दोन दिवस मी कशाच्या मागं लपलो होतो. ट्रक जात होते, दुकानातली हवेची टाकी फुसफुसत होती.

मी थांबलो तेव्हा ती बापाकडे बघत म्हणाली की केंद्रात लसीच्या फ्रिजचं तापमान तिला सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर लिहावं लागतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळचं राहून गेलं. सोबतची म्हणाली, रोजचंच टाक, कोण बघते. तिनं घरी येऊन बापाला विचारलं. "बाबा म्हनले, नाही पाह्यलं तं कोरं सोड. मी तवा मनात म्हटलं, ज्यानं स्वतःच खोटे आकडे भरले, तो मले शिकवून राह्यला. सहा वर्षं झाले त्याले."

तो उठून दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हतं, तरी गेला.

तिनं पुस्तक उचललं, माझं पान उघडलं, वाचलं आणि परत ठेवलं. मग माझ्याकडे नीट बघत तिनं विचारलं, "काका, त्याइनं तुमचं सारं छापलं असतं, तं तुम्ही इथं आले असते का?"

तिथं खोटं बोलायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "पोस्टानं पाठवलं असतं."